चंदनाची दोन तेले

देवघरातील सहाणेवर आपण चंदनाचे खोड उगाळतो तेव्हा जो मंद सुवास दरवळतो, तो त्या लाकडाच्या गाभ्यात साठलेल्या तेलाचा असतो. त्याच झाडाला दरवर्षी फळे लागतात, फळात कठीण बी असते आणि बीच्या गरातही तेल असते. व्यवहारात या दोहोंना ‘चंदनाचे तेल’ असे एकच नाव सर्रास दिले जाते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मात्र या दोन तेलांचे एकमेकांशी जवळजवळ काहीही नाते नाही. पहिले सुगंधी आणि बाष्पनशील, म्हणजे वाफेबरोबर निघून येणारे. दुसरे करडई, जवस, एरंड यांच्या तेलांच्या कुळातील, स्थिर आणि बहुतांशी निर्गंध. नावातील या सारखेपणाची किंमत किती मोठी असू शकते हे बँकेत बसूनही दिसते, म्हणूनच हा विषय या अंकासाठी निवडला आहे.

दक्षिण कर्नाटकातील ज्या शाखेत मी कृषी कर्जाचे काम पाहतो, तेथे एकदा एक निवृत्त मराठी गृहस्थ मुदत ठेव मोडण्यासाठी आले. हातात एका चंदन लागवड कंपनीची रंगीत पुस्तिका होती. तीत दोन वाक्ये ठळक अक्षरांत छापली होती. चंदनाच्या बियांत भरपूर तेल असते, गराच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास, हे पहिले वाक्य. चंदनाच्या तेलाचा भाव किलोला लाखाच्या घरात असतो, हे दुसरे. त्याखाली या दोन आकड्यांचा गुणाकार करून, झाड न तोडताच पाचव्या वर्षापासून मिळणाऱ्या वार्षिक उत्पन्नाचा तक्ता दिला होता. गंमत अशी की दोन्ही वाक्ये सुटी सुटी खरी आहेत. खोटा आहे तो गुणाकार, कारण पहिल्या वाक्यातले तेल निराळे आणि दुसऱ्यातले निराळे. ती ठेव त्या दिवशी मोडली गेली नाही. पण ‘निराळे म्हणजे नेमके कसे निराळे?’ हा त्या गृहस्थांचा प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी वाणिज्य शाखेच्या पदवीधराला रसायनशास्त्राची पुस्तके उघडावी लागली.

लाकडातील तेल

प्रथम परिचित तेलाकडे वळू. चंदनाच्या खोडाचा बाहेरचा पांढरट भाग निर्गंध असतो. सुगंधी तेल असते ते आतल्या पिवळसर-तपकिरी गाभ्यात, आणि त्याचे प्रमाण मुळांत सर्वाधिक असते. म्हणूनच परिपक्व चंदन बुंध्याशी तोडत नाहीत. ते मुळांसकट उपटून काढतात. गाभ्याच्या लाकडाचा भुगा करून त्यातून वाफ सोडली, की वाफेबरोबर तेलाचे रेणू बाहेर पडतात आणि थंड केल्यावर पाण्यापासून वेगळे होतात. हेच ऊर्ध्वपातन. पहिल्या महायुद्धापूर्वी म्हैसूर संस्थानातील चंदनाचे लाकूड मोठ्या प्रमाणावर परदेशी, विशेषतः जर्मनीत, जात असे आणि तेल तिकडे निघत असे. युद्धाने ही वाट बंद झाली. तेव्हा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. सडबरो व वॉटसन यांनी ऊर्ध्वपातनाचे प्रयोग केले आणि १९१६ मध्ये संस्थानाने स्वतःचा तेल कारखाना काढला. १९१८ पासून घरोघरी पोहोचलेला म्हैसूर सँडल साबण हे त्याचेच पुढचे पाऊल.

या तेलाचे मुख्य घटक अल्फा सँटालॉल आणि बीटा सँटालॉल. आयएसओ ३५१८ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार चांगल्या तेलात पहिल्याचे प्रमाण ४१ ते ५५ टक्के आणि दुसऱ्याचे १६ ते २४ टक्के असावे लागते. सँटालॉलच्या रेणूत १५ कार्बन, २४ हायड्रोजन आणि अवघा १ ऑक्सिजन अणू असतो. रेणू लहान, म्हणून तो हवेत जाऊ शकतो आणि आपल्या नाकापर्यंत पोहोचतो. हवेत जात नाही त्याला वासही नसतो, हे तत्त्व पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहे.

फळ, बी आणि गर

चंदनाचे झाड तीन ते पाच वर्षांचे झाले की फळू लागते. फळ वाटाण्यापेक्षा थोडे मोठे, पिकल्यावर जांभळट काळे. वरचा पातळ मगज पक्ष्यांना आवडतो. ते फळ खातात, आतली कठीण बी दूरवर टाकतात आणि रानात चंदन असेच पसरते. एका किलोत सुमारे सहा हजार बिया बसतात, यावरून बीच्या आकाराची कल्पना यावी. कवच फोडल्यावर आत पांढरा, तेलकट गर मिळतो. तेलाचे जे प्रमाण वर सांगितले ते या गराचे; कवचासकट बी तोलली तर ते साहजिकच बरेच खाली येते. पुस्तिकेतील तक्त्यात हा फरकही केलेला नव्हता, पण तो तेथील सर्वांत लहान दोष म्हणावा लागेल.

बीमध्ये तेल कशासाठी असते? रोपाला पहिली पाने फुटेपर्यंतची ती शिदोरी होय. चंदनाला तर अशी शिदोरी अधिकच आवश्यक, कारण हे झाड अर्धपरजीवी आहे. पाने हिरवी असल्याने ते स्वतःचे अन्न तयार करते, पण पाणी आणि क्षार यांसाठी आपली मुळे शेजारच्या झाडाच्या मुळांना चिकटवून त्यांतून ओढून घेते. असा शेजारी सापडेपर्यंत रोपाला बीमधील साठ्यावर दिवस काढावे लागतात. थोडक्यात, लाकडातले तेल आणि बियांतले तेल यांचे झाडाच्या संसारातील कामही वेगळे आहे. बियांतील तेल ही बचत आहे आणि रोप ती पहिल्या काही आठवड्यांतच खर्च करून टाकते.

दोन-दोन हायड्रोजनचा हिशेब

बियांचे तेल हे स्थिर तेल आहे. शेंगदाणा, तीळ, करडई यांच्या तेलांप्रमाणेच तेही ट्रायग्लिसराइडांचे बनलेले असते. ट्रायग्लिसराइड म्हणजे ग्लिसरॉलच्या एका रेणूला जोडलेली तीन मेदाम्ले. ग्लिसरॉलचे तीन कार्बन आणि प्रत्येकी १८ कार्बनची तीन मेदाम्ले धरली तर एका रेणूत ५७ कार्बन होतात. वजनाने हा रेणू सँटालॉलच्या जवळजवळ चौपट. एवढा जड रेणू साध्या तापमानाला हवेत उडत नाही आणि उघड्या भांड्यात खूप तापवला तर उकळण्यापूर्वीच विघटित होतो. म्हणून या तेलाला चंदनाचा वास नसतो आणि ते वाफेच्या ऊर्ध्वपातनाने निघत नाही. त्यासाठी घाणा, दाबयंत्र किंवा विद्रावकच लागतो.

येथवर हे तेल इतर खाद्यतेलांसारखेच वाटेल. वेगळेपणा आहे तो मेदाम्लांत. शेंगदाणा तेलात ओलेइक आणि लिनोलेइक ही आम्ले मुख्य असतात. भारतीय चंदनाच्या बियांच्या तेलात मात्र एकूण मेदाम्लांपैकी सुमारे ८० टक्के वाटा एकाच विरळ आम्लाचा असतो. त्याचे नाव झिमेनिनिक आम्ल. उरलेल्यात ओलेइक आम्ल प्रमुख असते आणि पामिटिक, स्टिअरिक, स्टिअरॉलिक इत्यादींचे अल्प अंश सापडतात. झाड, जागा आणि तेल काढण्याची रीत यांनुसार हे आकडे थोडेफार बदलतात, पण झिमेनिनिक आम्लाचे वर्चस्व बदलत नाही.

या आम्लाच्या नावाचा इतिहास आपल्या देशाशी निगडित आहे. १९३८ मध्ये मधुरनाथ आणि मंजुनाथ या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी चंदनाच्या बियांचे परीक्षण प्रसिद्ध केले आणि त्यातील वैशिष्ट्यपूर्ण आम्लाला चंदनाच्या ‘सँटालम आल्बम’ या शास्त्रीय नावावरून सँटालबिक आम्ल असे नाव मिळाले. पुढे १९५० च्या दशकाच्या आरंभी दक्षिण आफ्रिकेत झिमेनिया नावाच्या झुडपाच्या बियांच्या तेलातून एक आम्ल वेगळे करण्यात आले. तेव्हा रेणूची रचना निश्चित झाली आणि दोन्ही आम्ले एकच असल्याचे दिसून आले. आज झिमेनियावरून पडलेले नावच अधिक रूढ आहे. झिमेनिया हे नाव फ्रान्सिस्को झिमेनेझ या स्पॅनिश धर्मोपदेशकाच्या स्मरणार्थ दिलेले. चंदनाचे आम्ल आणि नाव मात्र त्याचे. खात्यात रक्कम एकाची आणि नाव दुसऱ्याचे, असा प्रकार शास्त्रातही घडतो तर!

आता रेणूची रचना. हिशेबाची सवय असलेल्यांना ती सोपी जावी. ओलेइक आम्लात १८ कार्बन, ३४ हायड्रोजन आणि २ ऑक्सिजन असतात आणि कार्बनांच्या साखळीत नवव्या-दहाव्या कार्बनांमध्ये एक दुहेरी बंध असतो. त्यातून २ हायड्रोजन काढून घेतले की त्या दुहेरी बंधाचा तिहेरी बंध होतो. हे झाले स्टिअरॉलिक आम्ल, हायड्रोजन ३२. आणखी २ हायड्रोजन पुढच्या, म्हणजे अकराव्या-बाराव्या कार्बनांवरून काढले की तेथे नवा दुहेरी बंध तयार होतो. हेच झिमेनिनिक आम्ल, हायड्रोजन ३०. वनस्पतीच्या पेशीतही हाच क्रम चालतो. बियांच्या तेलात ओलेइक आणि स्टिअरॉलिक आम्ले झिमेनिनिक आम्लाच्या सोबतीने का सापडतात, याचा उलगडा त्यातून होतो.

या रचनेत तीन गोष्टी असाधारण आहेत. कार्बन-कार्बन तिहेरी बंध वनस्पतिज तेलांत क्वचितच आढळतो. आपल्या स्वयंपाकघरातील कोणत्याही नेहमीच्या तेलात तो मुख्य घटकात नसतो. दुसरे असे की तिहेरी आणि दुहेरी बंध एकमेकांलगत, मध्ये एकच साधा बंध ठेवून येतात. अशा जोडणीला संयुग्मी बंध म्हणतात. तिसरे, येथील दुहेरी बंध ‘ट्रान्स’ प्रकारचा, म्हणजे साखळी सरळ ठेवणारा आहे. निसर्गातील वनस्पतिज तेलांत बहुधा साखळीला बाक देणारा ‘सिस’ प्रकारच आढळतो. साखळी सरळ असली की रेणू एकमेकांलगत नीट रचले जातात. शुद्ध झिमेनिनिक आम्ल सुमारे ३९ ते ४० अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे आपल्याकडील साध्या तापमानाला ते घन असते. ओलेइक आम्ल मात्र याच तापमानाला द्रव असते. एक आकडा येथे लक्षात ठेवण्याजोगा आहे. झिमेनिनिक आम्लाचे रेणुसूत्र जवसाच्या तेलातील लिनोलेनिक आम्लासारखेच आहे: १८ कार्बन, ३० हायड्रोजन, २ ऑक्सिजन. जमाखर्च जुळतो, पण अणूंची मांडणी वेगळी असल्याने वागणूक वेगळी होते. नुसत्या बेरजेवरून ताळेबंद कळत नाही, हे आमच्या व्यवसायातही खरे आहे.

गुणधर्म

बियांचे तेल पिवळसर ते तांबूस, दाट आणि चिकट असते. काढण्याच्या रीतीप्रमाणे रंग बदलतो. दाहक सोड्याबरोबर तापवल्यास त्याचा साबण आणि ग्लिसरीन तयार होते, म्हणजेच त्याचे साबणीकरण होते. लाकडाच्या तेलातील सँटालॉल हे अल्कोहोल आहे; त्याचा साबण होत नाही. चंदनाच्या साबणात लाकडाचे तेल असते ते केवळ सुवासापुरते, साबणाचा देह दुसऱ्याच तेलांचा असतो.

संयुग्मी बंधांमुळे हे तेल हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावते. पातळ थर उघडा ठेवला तर तो कालांतराने घट्ट होतो, कारण रेणू एकमेकांना जोडले जाऊन जाळे तयार होते. जवसाच्या तेलाचा हाच गुण रंगकामात पूर्वापार वापरला गेला. चंदनाच्या बियांचे तेलही अशा सुकणाऱ्या तेलांत गणले जाते. गुण म्हणून जे रंगात चालते तेच साठवणुकीत दोष ठरते: अर्धवट भरलेल्या डब्यात, उन्हात किंवा उष्ण जागी ठेवल्यास हे तेल लवकर खराब होते. तेलाची असंपृक्तता मोजण्यासाठी आयोडीन मूल्य काढतात, पण संयुग्मी बंध आयोडीन सावकाश आणि अपुरे शोषतात. त्यामुळे नेहमीच्या पद्धतीने आलेला आकडा प्रत्यक्षाहून कमी असतो. प्रयोगशाळेचा अहवाल वाचताना हे ध्यानात ठेवणे बरे. याउलट, हीच जोडणी अतिनील किरण सुमारे २२९ नॅनोमीटर तरंगलांबीला प्रकर्षाने शोषते आणि त्यावरून झिमेनिनिक आम्लाचे अस्तित्व ओळखता येते.

ओळख कशी पटवावी

तेलाची बाटली समोर आल्यावर ती लाकडाच्या तेलाची की बियांच्या, हे कसे ओळखावे? वासावर विसंबू नये. बियांच्या तेलात थोडा अर्क किंवा कृत्रिम सुगंध मिसळला की नाक फसते. कागदावरील डागाची जुनी परीक्षाही येथे घाईने करण्याजोगी नाही. स्थिर तेलाचा डाग राहतो आणि सुगंधी तेलाचा उडतो हे खरे, पण चंदनाचे तेल सुगंधी तेलांतही अतिशय सावकाश उडणारे आहे. तासाभराने डाग दिसला म्हणून ते बियांचे ठरत नाही.

त्यापेक्षा सत्तर टक्के अल्कोहोलची कसोटी चांगली. मानकानुसार लाकडाच्या शुद्ध तेलाचा एक भाग ७० टक्के अल्कोहोलच्या पाच भागांत २० अंश सेल्सिअसला स्वच्छ विरघळतो. बियांचे तेल त्यात विरघळत नाही. मिश्रण गढूळ होते आणि तेल वेगळे राहते. एरंडेलासारखे स्थिर तेल चंदनाच्या तेलात मिसळण्याची खोडी फार जुनी आहे, तीही याच कसोटीवर उघडी पडते. दुसरी खूण प्रकाशाची: लाकडाचे तेल ध्रुवित प्रकाशाची पातळी डावीकडे सुमारे १५ ते २१ अंशांनी वळवते. बियांच्या तेलाचा असा परिणाम जवळजवळ नसतो. आणि मोठ्या रकमेचा व्यवहार असेल तर वायू क्रोमॅटोग्राफीचा अहवाल मागावा. लाकडाच्या तेलात सँटालॉलचे आकडे दिसले पाहिजेत, बियांच्या तेलात झिमेनिनिक आम्लाचा. रोजच्या वापरातील दुसऱ्या कोणत्याही तेलात हे आम्ल मोठ्या प्रमाणात नसल्याने, बियांच्या तेलात सूर्यफुलासारखे स्वस्त तेल मिसळले असल्यास तेही या एका आकड्याच्या घसरणीवरून लक्षात येते.

उपयोग, आणि खाण्याचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकातील वनस्पतींविषयीच्या ग्रंथांत नोंद आहे की चंदनाच्या बियांचे दाट तेल गोरगरीब दिव्यात जाळीत. ज्या झाडाच्या लाकडावर राजसत्तेचा हक्क होता, त्या झाडाची बी गरिबाच्या समईत जळत होती, ही नोंद वाचून क्षणभर थबकायला होते. टिपू सुलतानाने १७९२ मध्ये चंदनाला राजवृक्ष ठरवले होते आणि पुढे दीर्घकाळ शेतकऱ्याच्या स्वतःच्या बांधावरील चंदनही सरकारचेच मानले जाई. बी मात्र कोणाच्या खिजगणतीत नव्हती.

आज या तेलाला खरी मागणी आहे ती सौंदर्यप्रसाधनांत, आणि तिचा पुढाकार ऑस्ट्रेलियाकडे आहे. तेथील स्थानिक चंदन निराळ्या जातीचे. त्याची बी बरीच मोठी असते, परंतु तेलात झिमेनिनिक आम्ल एकतृतीयांशाच्या आसपास आणि ओलेइक आम्ल निम्म्याहून अधिक असते. म्हणजे या विशेष आम्लाच्या बाबतीत आपले भारतीय चंदन अधिक समृद्ध आहे. प्रयोगशाळेतील चाचण्यांत झिमेनिनिक आम्लाने शरीरातील दाह निर्माण करणाऱ्या काही विकरांच्या कार्यात अडथळा आणल्याचे आढळले आहे. त्वचेच्या मलमांत व तेलांत त्याचा विचार होतो तो यामुळे. मात्र परीक्षानळीतील निष्कर्ष म्हणजे औषध नव्हे. वेदनाशामक म्हणून बाटल्या विकणाऱ्यांकडे ग्राहकांनी सावधपणेच पाहावे.

खाण्याच्या बाबतीत तर अधिकच सावधगिरी हवी. ऑस्ट्रेलियात क्वाँडाँग नावाचे चंदनाचेच एक भावंड आहे. तेथील आदिवासी त्याची फळे आणि गर पूर्वापार वापरत आले आहेत. या गराचे तेल उंदरांना खाऊ घालून केलेले प्रयोग १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत यकृतातील सायटोक्रोम पी-४५० या विकरसमूहाचे प्रमाण बदललेले दिसले, म्हणजे शरीर या आम्लाला परके द्रव्य समजून त्याचा निचरा करू पाहते असे मानण्यास जागा आहे. माझ्या मते एवढे कारण हे तेल स्वयंपाकघराबाहेर ठेवण्यास पुरेसे आहे.

बँकेच्या टेबलावरून पाहता

आता त्या गुणाकाराकडे परतू. बियांच्या तेलाला लाकडाच्या तेलाचा भाव मिळणे शक्य नाही. त्यात सँटालॉलच नाही. त्याचा स्वतःचा भाव प्रसाधन उद्योगातील मागणीवर ठरतो आणि ती मागणी मर्यादित आहे. शिवाय बीला आणखी एक गिऱ्हाईक आहे: रोपवाटिका. १९९८ मध्ये जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत भारतीय चंदनाची नोंद ‘असुरक्षित’ म्हणून झाली. त्यानंतर कर्नाटकाने २००१ मध्ये आणि तमिळनाडूने २००२ मध्ये कायदे बदलून खाजगी जमिनीतील चंदन मालकाचे मानले, आणि शेतकरी लागवडीकडे वळू लागले. चांगल्या मातृवृक्षांचे ताजे बी रोपांसाठी विकणे हे तेल काढण्यापेक्षा अनेकदा अधिक किफायतशीर ठरते. बी सुमारे दोन महिने सुप्तावस्थेत असते आणि साधारण नऊ महिन्यांत तिची उगवणशक्ती क्षीण होते. तेव्हा ताजे बी रोपवाटिकेला आणि हंगाम उलटलेले बी घाण्याला, असा क्रम शहाणपणाचा. सगळेच बी घाण्यात घातले तर पक्ष्यांच्या वाट्याचे आणि रानाच्या वाट्याचेही त्यात जाईल.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी एक बाब. झाडे तोडण्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या १९६४ च्या राज्य अधिनियमाच्या अनुसूचीत चंदन आहे, म्हणून स्वतःच्या शेतातील झाड काढतानाही परवानगी लागते. लागवडीच्या पहिल्या वर्षीच सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून घेतलेली असावी, म्हणजे पुढे अडचण येत नाही. बी गोळा करण्याने झाडाला इजा होत नाही, पण चंदनाच्या शेतात रात्री येणाऱ्या पाहुण्यांना बी नको असते. कुंपण आणि राखण यांचा खर्च प्रकल्प अहवालात नसेल तर तो अहवाल अपुरा आहे.

आणि लागवड स्वतःच्या जमिनीत नसून कोणा कंपनीच्या ‘युनिट’मध्ये पैसे गुंतवण्याची असेल, तर प्रश्न शेतीचा न राहता गुंतवणुकीचा होतो. १९९० च्या दशकात सागवानाच्या अशा योजनांत अनेक कुटुंबांची पुंजी अडकली. त्या अनुभवानंतर सेबीने १९९९ मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांचे विनियम लागू केले. लोकांकडून पैसे एकत्र करून अशी योजना चालवणाऱ्या कंपनीकडे सेबीची नोंदणी आहे का, हा पहिला प्रश्न विचारावा. ठेव म्हणून रक्कम मागितली जात असेल तर २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी अधिनियमही लागू होऊ शकतो. वर उल्लेखिलेल्या पुस्तिकेत नोंदणी क्रमांकाची जागा मी दोनदा शोधली. तेथे चंदनाच्या पानाचे सुबक चित्र होते.

स्वतःच्या जमिनीत चंदन लावणाऱ्या शेतकऱ्याचा अर्ज येतो तेव्हा आमच्या शाखेत परतफेडीचा आधार बियांच्या तेलावर धरला जात नाही. चंदनाला शेजारी लागतोच. पहिली वर्षे तो शेजारी बहुधा तूर असतो आणि पुढे सुरूसारखी झाडे. तुरीचे पीक दरवर्षी बाजारात जाते, तिचा भाव सर्वांना ठाऊक असतो. हप्ता त्या तुरीवर बसवला जातो. बी विकून जे येईल ते वेगळ्या रकान्यात लिहिले जाते, आणि गाभ्याच्या लाकडाचे उत्पन्न तर कर्जाच्या मुदतीनंतर कित्येक वर्षांनी, पुढच्या पिढीच्या खात्यात.